ताडपत्रीखालचे पंचावन्न एचपी

"मिस्तरी, किती एचपीचा घेऊ?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, कब्रस्तानातून परतताना विचारला गेला आहे आणि एकदा तर मी दवाखान्यात सलाईन लावून पडलो असताना खुद्द डॉक्टरने विचारला आहे. त्यांनी गावाकडे शेत घेतलं होतं. मी दरवेळी एकच उलटा प्रश्न करतो, "करणार काय त्याच्याकडून?" बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही. मुलीचं वय विचारल्यासारखा चेहरा करतात आणि विषय बदलतात.

माझी सगळी नोकरी ट्रॅक्टरच्या शोरूममागच्या वर्कशॉपमध्ये गेली. आधी जळगावला, नंतर धुळ्याला. पुढे काचेच्या खोलीत विक्री चालायची आणि मागे पत्र्याखाली आम्ही. पुढे जे खोटं बोललं जायचं ते काही महिन्यांनी धूर सोडत मागच्या फाटकातून आत यायचं. संपादकांनी "तुमचे अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं की माझ्याकडे गोड काही नाही. राग आहे, तो चालत असेल तर लिहितो. ते चालेल म्हणाले.

ज्यांनी कधी ट्रॅक्टर चालवला नाही त्यांच्यासाठी थोडं साधं सांगतो. बॉनेटवर जो आकडा रंगवलेला असतो तो इंजिनाचा जोर, म्हणजे एचपी. तो सगळा शेताला मिळत नाही. ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक फिरता दांडा असतो, त्याला आम्ही पीटीओ म्हणतो. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर, मळणीचं मशीन, कापसाच्या पऱ्हाट्यांचा चुरा करणारं यंत्र ही सगळी त्या दांड्यावर चालतात. तिथे पोचेपर्यंत जोर कमी झालेला असतो, पण जेवढा पोचतो तेवढा मात्र खरोखर कामाला येतो. असलं काम असेल तर मोठं इंजिन घ्यावं आणि मागेपुढे बघू नये.

नांगर ओढायचा, ट्रॉली ओढायची, तर गोष्ट निराळी. तिथे जोर चाकांतून जमिनीत जातो. आमची काळी माती थोडी ओली असली की चाक जागच्या जागी फिरतं, मग पुढे इंजिन किती का मोठं असेना. तिथे वजन लागतं. जुने लोक मागच्या चाकात पाणी भरून घेतात ते त्यासाठी. आणि पेरणी, कोळपणी, फवारणी, घर ते शेत ये-जा एवढंच असेल तर मोठ्या इंजिनाला काही कामच नाही. ते नुसतं डिझेल पितं आणि जमीन दाबून ठेवतं.

एवढंच आहे. याच्यात न समजण्यासारखं काय आहे, हे मला आजवर समजलेलं नाही.

सावद्याकडच्या एका केळीवाल्याने बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्यापेक्षा मोठा पाहिजे म्हणून साठचा ट्रॅक्टर नेला. बांधावरच्या शेजाऱ्यापेक्षा पाच-दहा एचपी जास्त, हे आमच्याकडे ट्रॅक्टर निवडण्याचं माप आहे. पहिल्या सर्व्हिसिंगला मी गेलो तर तो माणूस बागेत उभा राहून केळीची झाडं तोडून घेत होता. चांगली, घड लागलेली झाडं. ट्रॅक्टर ओळीतून जात नव्हता म्हणून रस्ता करत होता. ठिबकच्या नळ्याही चाकाखाली जाऊन फुटल्या होत्या. मी म्हटलं, "भाऊ, बागेसाठी ट्रॅक्टर घेतला का ट्रॅक्टरसाठी बाग लावली?" तो हसला. मला हसू आलं नाही.

दुसरे असतात ते पंप पिळणारे. एकाचं घेतलेल्या ट्रॅक्टरने मन भरत नव्हतं, म्हणून त्याने गावातल्या कुणाकडून डिझेल पंपाचा स्क्रू पिळून आणला. जास्त डिझेल गेलं, काळा धूर निघू लागला. काळा धूर म्हणजे जोर वाढला असं त्याला वाटलं. जे डिझेल जळलंच नाही तेच काळं होऊन आभाळात जातं, हे सांगितलं तर आमच्याकडच्या अहिराणीत म्हणाला, "मिस्तरी, आवाज तं दखा कसा शे." आवाज कसा आहे बघा, म्हणे; तो ऐकायला मीच होतो. ते इंजिन खोलून नवे पिस्टन टाकेपर्यंत ऐकत होतो.

पण हे सगळे किरकोळ. माझा खरा राग ज्या प्रकरणावर आहे ते पांझरा नदीकाठच्या एका गावातलं आहे. गावाचं नाव सांगत नाही, लोक अजून नांदते आहेत.

आधारनाना आणि हिंमतभाऊ हे दोघे सख्खे भाऊ. वाटण्या झालेल्या, चुली वेगळ्या, पण शब्द मोठ्या भावाचा चालायचा. नानांकडे कापूस आणि मका, बरी जमीन, एक गडी आणि गावात मान. हिंमतभाऊची जमीन थोडी. तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. खड्ड्यांतून सीटवर आदळून आदळून त्याचा कणा गेला, डॉक्टरने बसायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हा त्याची बायको कुसुमअक्का हिने स्टेअरिंग हातात घेतलं. शिकली ती नवऱ्याकडूनच. त्या दोघांनी मळणीचं एक मोठं जुनं मशीन घेतलं होतं आणि गावोगाव मका, हरभरा, ज्वारी काढून द्यायचा धंदा करायचं ठरवलं होतं. मशीन होतं, फिरवायला स्वतःचा ट्रॅक्टर पाहिजे होता.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगितला पाहिजे. जेठापुढे, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावापुढे, बाई बाजेवर बसत नाही. तो जमिनीवर किंवा उभा असला तर ती उंचावर नसते. पदर डोक्यावर असतो आणि सरळ त्याच्याशी बोलायचं नसतं, मधल्या कुणालातरी सांगायचं. अनेक घरांतून हे आता गेलं. नानांच्या घरातून गेलं नव्हतं.

दोघे भाऊ एकाच दिवशी शोरूमला आले. एकाच जीपमधून. नानांना पंचावन्नचा ट्रॅक्टर पाहिजे होता, कारण गावातल्या त्यांच्या विरोधकाने पन्नासचा आणला होता. काम विचारलं तर पेरणी, कोळपणी आणि कापसाची ट्रॉली. कुसुमअक्काला पण तोच पाहिजे होता. ती म्हणाली, "भाऊ, माले मिरावाले नको. मशीनले जोर लागस."

आमचा सेल्सवाला पंकज हसून म्हणाला, "वहिनी, एवढा मोठा तुम्हाला झेपायचा नाही. तुमच्यासाठी पस्तीसचा बेस्ट. हलका, छोटा. लेडीज लोकांना सोपा."

मी मागून हात पुसत आलो होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पंकज, पंचावन्नला पॉवर स्टेअरिंग आहे, एका बोटाने वळतो. पस्तीसवाल्याचं स्टेअरिंग साधं आहे, दंड भरून येतात. सोपा कुठला?" आणि शोरूमच्या मालकासमोर, शेठसमोर, सरळ सांगितलं की अक्काला मोठा द्या आणि नानांना छोटा द्या, दोघांचंही भलं होईल.

नानांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. ते शेठला म्हणाले, "मन्हा धाकला भाऊनी बायको मोठा ट्रॅक्टर चालाडी, आन् मी धाकला लिसू? गाव हासी माले."

शेठ मला म्हणाले, "रफिकभाई, तुम्ही पाने सांभाळा." हिंमतभाऊने मान खाली घातली. अक्काने पदर आणखी पुढे ओढला. त्या दिवशी पंचावन्न नानांच्या दारी गेला आणि पस्तीस अक्काच्या. पंकजने दोघांना पेढे दिले.

पुढे काय होणार हे मला माहीत होतं, आणि तसंच झालं. मळणीच्या मशीनचा एक स्वभाव आहे. आतला ढोल ठरलेल्या वेगाने फिरला पाहिजे. कणसं टाकली की इंजिनावर भार येतो, छोटं इंजिन बसतं, ढोल हळू होतो, मग अर्धे दाणे कणसालाच राहतात किंवा भुशाबरोबर बाहेर उडतात. नाहीतर मशीन चोंदतं, ते बंद करून हाताने उपसावं लागतं. कमी कमी टाकत गेलं तर काम होतं, पण एका खळ्यावर दिवस मोडतो. आणि मळणीच्या हंगामात सगळा गाव नंबर लावून बसलेला असतो. ज्याचा नंबर आधी त्याचं खळं आधी, मग पुढचा. नंबर पुढे सरकला नाही की लोक दुसऱ्या गावच्या मशीनवाल्याला फोन लावतात.

पहिल्या हंगामात मी दोनदा क्लचप्लेट बदलायला गेलो. जळालेल्या क्लचचा वास खळ्याच्या बाहेरूनच येत होता. अक्काने मला बघून सांगितलं, "दादा, हाऊ ट्रॅक्टर मशीनले फिरावस नही, मशीनच याले फिरावस." वर आणखी एक त्रास होता. नाना रस्त्याने जाताना दिसले की अक्का इंजिन हळू करून सीटवरून खाली उतरायची आणि ते दिसेनासे होईपर्यंत उभी राहायची. मशीन त्या वेळात चोंदायचं. कणसं टाकणारे मजूर हात थांबवून बसायचे. मी एकदा म्हटलं, "अक्का, उतरू नका, मशीन आहे ते." ती म्हणाली, "तुमना काय जास? राहानं माले शे तठे."

अशात तिची गिऱ्हाइकं तुटू लागली. एक शिरपूरकडचा मशीनवाला येऊ लागला, त्याच्याकडे मोठा ट्रॅक्टर होता. लोकांचा अक्कावर राग नव्हता, पण मका उघड्यावर ठेवून कुणी कुणाची वाट बघत नाही. हिंमतभाऊ म्हणाला, आणखी एक हंगाम असाच गेला तर मशीन विकून टाकू आणि मी पुन्हा ड्रायव्हरकी शोधतो. कणा मोडलेला माणूस हे म्हणत होता. मला त्या दिवशी शोरूममध्ये जाऊन पंकजच्या टेबलावरचे जाहिरातीचे सगळे रंगीत कागद फाडावेसे वाटले.

आणि नानांचा पंचावन्न काय करत होता? ताडपत्रीखाली उभा होता. पोळ्याला बैलांच्या मागे धुऊन, हार घालून गावातून फिरवायचा, दसऱ्याला पूजा करायची, एखाद्या लग्नात वरातीपुढे चालवायचा. बाकी पेरणी आणि कोळपणी. सर्व्हिसिंगला आला तेव्हा निळसर धूर सोडत होता आणि सायलेन्सरच्या जोडावर तेल दिसत होतं. मी नानांना समजावलं. डिझेल इंजिनाला भार लागतो. मोठं इंजिन नेहमी थंड आणि रिकामं चालवलं की आत काजळी साचते, सिलिंडर गुळगुळीत होतात, तेल जळायला लागतं. त्याला काम द्या. अक्काच्या मशीनला लावा हंगामात, तुमचंही इंजिन राहील आणि घरचं कामही होईल.

नाना म्हणाले, "ते व्हनार नही." कारण सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

दुसऱ्या हंगामात, रब्बीचा मका खळ्यावर आला असताना, अवकाळीची हवा सुरू झाली. सातपुड्याच्या बाजूने ढग येऊन थांबले होते. अक्काचा फोन आला की क्लच पुन्हा गेला. मी सामान घेऊन निघालो, पण प्लेट धुळ्यात कुणाकडेच नव्हती, नाशिकहून यायची होती. तरी गेलो, म्हटलं निदान उघडून ठेवू.

गावाबाहेरच्या पडीक जागेवर सगळ्यांची खळी एका रांगेत होती. मक्याचे ढीग आणि त्यांच्याजवळ माणसं, आभाळाकडे बघत. शिरपूरचा मशीनवाला आदल्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात निघून गेला होता, तिकडे जास्त काम होतं. अक्काचं मशीन जागेवर उभं होतं आणि तिच्या ट्रॅक्टरखाली मी पडलो होतो.

तेवढ्यात नाना आले. त्यांचा ढीग सगळ्यात मोठा होता आणि नंबर सगळ्यात शेवटचा, कारण त्यांनी नंबर लावलाच उशिरा. भावाच्या मशीनला नंबर कशाला लावायचा, असं त्यांना वाटलं असेल. ते अक्काकडे न बघता मला म्हणाले, "कुसुमले इचारा, मन्हा मका कवय निंघी?"

अक्का दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती मलाच म्हणाली, "मिस्तरी, नानास्ले सांगा, मशीन चांगलं शे. फिरावाले ट्रॅक्टर नही. नानास्ना ट्रॅक्टर दारशे उभा शे."

मी ट्रॅक्टरखालून बाहेर आलो. दोघांच्या मधे उभा राहिलो, जसा कोर्टात दुभाषी उभा राहतो. दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत होतं, तरी माझ्या तोंडाकडे बघत होते.

नाना म्हणाले, "हिंमत चालाडी."

हिंमतभाऊ खाटेवर पालथा पडून होता हे सगळ्या गावाला माहीत होतं. नानांचा गडी लग्नाला गेला होता. नानांना स्वतःला ट्रॅक्टर चालवता येत होता, पण मळणीवर ट्रॅक्टर सांभाळायचा तर कान मशीनकडे ठेवावा लागतो, आणि तो कान त्या गावात एकाच माणसाला होता.

नाना आभाळाकडे बघून म्हणाले, "बरं. ट्रॅक्टर लई या. पन पहिला मन्हा ढीग."

अक्का म्हणाली, "नानास्ले सांगा, लोकेस्नी नंबर लायेल शेत. बठ्ठास्ना मका व्हई, मंग नानास्ना. मंजूर नही व्हई तं ट्रॅक्टर ऱ्हाऊ द्या."

"आभाय दखस ना ती?" नाना मला म्हणाले, आणि आवाज चढला होता.

"आभाय बठ्ठा गाववर शे," ती म्हणाली, "एकला नानास्ना ढीगवर नही."

खळ्यांवरची माणसं जवळ येऊन उभी राहिली होती. कुणी नानांना विनवत नव्हतं, नुसते उभे होते. नानांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. तिच्या हातात दिली नाही. मी ती अक्काला दिली.

तिने पंचावन्न आणला, दांडा जोडला, तेलपाणी बघितलं. मग सीटवर चढून पदर डोक्यावर घेतला आणि त्याचं टोक कमरेला खोचलं. नाना तिथेच होते, खाली, धुळीत. मला वाटलं आता ती उतरेल. खळ्यांवरच्या बायांनाही तसंच वाटलं असावं, कारण सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. ती उतरली नाही. तिने वेग वर नेला, हात केला, आणि मजुरांनी कणसं टाकायला सुरुवात केली.

इंजिन बसलं नाही. टोपलीवर टोपली जात होती आणि आवाज एकसारखा होता. दाणा स्वच्छ पडत होता. लोक हसत होते, पोती धरत होते. मी हसलो नाही. मला इतका संताप आला होता की मी जाऊन नळावर तोंड धुतलं. हे काम पहिल्या हंगामापासून असंच होऊ शकलं असतं. तेच मशीन, तीच बाई, आणि तेच इंजिन जे शंभर पावलांवर ताडपत्रीखाली आजारी पडत होतं. मधे फक्त एका माणसाची मान होती, आणि ती मान ताठ राहावी म्हणून आमच्या शेठने दोन ट्रॅक्टर चुकीच्या दारी पाठवले होते.

नाना संध्याकाळपर्यंत तिथेच उभे राहिले. कुणीतरी त्यांच्यासाठी बाज आणली. ते बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांचा ढीग निघाला. शेवटची पोती बैलगाडीत पडत होती तेव्हा वारा सुटला. पाऊस आला तो भुशावर आला. गावात एकाचाही मका भिजला नाही. अक्काने ट्रॅक्टर नानांच्या दारात नेऊन लावला आणि किल्ली मोठ्या जावेच्या हातात ठेवली.

आता कुणालाही वाटेल की नाना बदलले. मलाही वाटलं होतं. आठवड्याभरात नाना धुतलेला ट्रॅक्टर घेऊन वर्कशॉपला आले. म्हणाले, "मिस्तरी, बाईनी इंजिन खाई टाकं. तशे लिखी द्या."

मी इंजिन चालू केलं. निळा धूर गेला होता. सायलेन्सरचा जोड कोरडा होता. दोन दिवस पूर्ण भारावर तापून आतली काजळी जळून गेली होती. मी म्हटलं, "नाना, हा घेतल्यापासून आज पहिल्यांदा धड आहे. मी उलटंच लिहून देतो, पाहिजे तर."

नाना माझ्या स्टुलावर बसले. पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा म्हातारा वाटला. हळू आवाजात म्हणाले, "इंजिननं सोडा. त्या सीटवर ती बठी व्हती, आन् मी खाले उभा. बठ्ठा गावनी दखं. आते त्या सीटवर मी कसा बसू?"

मला एका क्षणासाठी त्यांची दया आली. मी म्हणालो, "मग बसू नका. तिला देऊन टाका. आणि तुम्ही छोटा घ्या, तुमच्या शेताला पुरून उरेल."

ते उठले. पुढे शोरूममध्ये गेले आणि पंकजला म्हणाले, "पंच्याहत्तरना दखाडा."

मी काचेतून बघत होतो. शेठ स्वतः उठून आले, चहा मागवला. पंकजने मोठ्या ट्रॅक्टरचं दार उघडून नानांना केबिनमध्ये बसवलं. हो, त्याला केबिन होती, एसी होता. कापसाच्या कोळपणीसाठी. मी शेठना जाऊन म्हटलं, "यांना याची काहीच गरज नाही." शेठ म्हणाले, "गरज बघून कोण काय घेतं, रफिकभाई?" हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही, म्हणून हा लेख लिहितो आहे. मला एवढंच दिसतं की अंगठ्या, घड्याळं गरज न बघता घ्यावीत हवं तर, ती शेत दाबत नाहीत आणि दुसऱ्याचं काम अडवून दारात उभी राहत नाहीत.

पंचावन्न बदलीत आमच्या आवारात आला. पंकज तो नंदुरबारच्या व्यापाऱ्याला देणार होता. त्याच्या आधी मी हिंमतभाऊला फोन केला.

अक्का दुसऱ्या दिवशी सकाळीच आली, आपला पस्तीसचा घेऊन, एकटी चालवत. पंकजने पुन्हा रंगीत कागद काढले आणि एक नवीन छोटं मॉडेल दाखवायला लागला. अक्काने ते कागद बाजूला सरकवले.

"मी तवय हाऊच मांगा व्हता," ती म्हणाली. "तुम्ही दिधा नही. दोन हंगाम मन्हा लोके दुसराना मशीनवर गयात. आते हाऊ दुसरा कोनले दिधा तं मी अठेच बससू."

शेठ बाहेर आले. तिच्याकडे बघून त्यांनी पंकजला नंदुरबारचा फोन रद्द करायला सांगितला. पस्तीस बदलीत घेतला. तो पुढे नशिराबादजवळच्या एका शेतकऱ्याने नेला. त्याची थोडी जमीन, भाजीपाला आणि एक छोटी ट्रॉली. त्याने आजपर्यंत क्लचची तक्रार केलेली नाही, उलट दरवर्षी भेटला की मला कोथिंबीर देतो. तोच ट्रॅक्टर. म्हणून कुणी "पस्तीस चांगला का पंचावन्न?" असं विचारलं की माझं डोकं सरकतं. एकाच यंत्राला एका दारी शिव्या बसल्या आणि दुसऱ्या दारी कोथिंबीर मिळते आहे.

दोन्ही ट्रॅक्टरची डिलिव्हरी एकाच दिवशी ठरली. शेठना असले मुहूर्त आवडायचे. हार, नारळ, पुठ्ठ्याची मोठी सोनेरी किल्ली, फोटोवाला. नाना पांढरा सदरा घालून आले होते. शेठचा बेत असा होता की दोन्ही ट्रॅक्टर बाजूबाजूला लावायचे, मधे नाना किल्ली धरून उभे राहतील, आणि अक्का बाजूला. एकाच घरात दोन ट्रॅक्टर, जाहिरात चांगली होईल. नाना तयार होते. फोटोवाला म्हणाला ऊन जरा उतरू द्या, तोवर चहा घ्या.

अक्काने मला बाजूला बोलावून टायरमधली हवा आणि तेल बघायला सांगितलं. मी बघून दिलं. तिच्या फोनवर खळ्यावरून फोन येत होते, एकामागून एक, कुणाचा तरी हरभरा काढायचा राहिला होता. तिने शेठकडे बघितलं, नानांकडे बघितलं, पदर डोक्यावर घेतला आणि सीटवर चढली. मी फाटक उघडलं.

फोटो मग उरलेल्या ट्रॅक्टरला मधे लावून काढला. तो अजून शोरूमच्या भिंतीवर आहे, मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा बघितला. हार घातलेला पंच्याहत्तर आहे, पेढ्याचा बॉक्स धरलेला पंकज आहे, सोनेरी किल्ली घेतलेले नाना आहेत. अक्का त्यात नाही. ती हरभरा काढायला गेली होती.